व्हीएफडी बसवल्यापासून ईएलसीबी पडतोय? अर्थची वायर सोडू नका

"दादा, ड्राइव्ह बसवल्यापासून ईएलसीबी सारखा पडत होता. अर्थ सोडला, आता मशीन झकास चाललंय. फक्त हायड्रोला हात लावला की जरा झिणझिण्या येतात."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात इचलकरंजी भागातल्या एका प्रोसेस हाउसमधून हा फोन आला. (ड्राइव्ह म्हणजे व्हीएफडी, मोटारचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. ईएलसीबी म्हणजे करंट अर्थमध्ये गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच.) मी त्या मेंटेनन्सच्या पोराला एवढंच सांगितलं, "मशीन आत्ता बंद कर, मेन पाड, तिथं कुणाला उभं राहू देऊ नकोस. मी निघालो."

हायड्रो म्हणजे धुतलेल्या कापडातलं पाणी गरागरा फिरवून काढणारं यंत्र. त्याच्याभोवतीची फरशी वर्षाचे बारा महिने ओली. ते चालवणारे मामा अनवाणी काम करतात, कारण ओल्या फरशीवर चप्पल घसरते. अशा जागी "जरा झिणझिण्या" हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो.

ही तक्रार मी गिरणीत ऐकली आहे, फाउंड्रीत ऐकली आहे, पाण्याच्या पंपावर ऐकली आहे. जुनी मोटार, जुना स्टार्टर होता तेव्हा काही नव्हतं. व्हीएफडी आला आणि ईएलसीबी पडायला लागला. मग कुणीतरी अर्थ सोडतो, कुणी ईएलसीबीच्या वरून खाली जंपर मारतो, कुणी तो काढून साधा आयसोलेटर (नुसता चालू-बंद स्विच) बसवतो. तिन्ही उपायांनी मशीन चालतं, म्हणून तिन्ही पसरले आहेत. खाली जे लिहितोय ते यातलं काहीही न करता ही तक्रार कशी मिटवायची याबद्दल आहे. (नव्या प्रकाराचं नाव आरसीसीबी असलं तरी सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात, मीही तेच म्हणतो.)

आधी पडतो का ते

व्हीएफडी आलेला ४१५ व्होल्टचा एसी डायोडमधून नेऊन डीसी करतो. ४१५ ला १.४१४ ने गुणा, ५८७ व्होल्ट येतात. एवढा डीसी आतल्या मोठ्या कपॅसिटरवर उभा असतो. मग आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच तो डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून मोटारला देतात. मोटारची केबल आणि अर्थ, मोटारचं वाइंडिंग आणि बॉडी, यांच्यामध्ये इन्सुलेशन असतं. म्हणजे तो एक छोटा कपॅसिटरच झाला. व्होल्टेज दर वेळी उडी मारतं तेव्हा या कपॅसिटरमधून थोडा करंट बॉडीवर येतो आणि अर्थच्या वायरने परत ड्राइव्हकडे जातो. शिवाय ड्राइव्हच्या आत त्याचा विद्युत गोंगाट अडवणारा ईएमसी फिल्टर असतो, त्याचेही कपॅसिटर फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बसवलेले असतात.

म्हणजे इन्सुलेशन ठणठणीत असतानाही अर्थमधून लीकेज वाहतंच. हा बिघाड नव्हे, यंत्राची रचनाच तशी आहे. ईएलसीबीला मात्र हे कळत नाही. तो फक्त हिशोब घालतो, त्याच्यातून जेवढं गेलं तेवढं त्याच्यातूनच परत आलं का. अर्थने परत गेलेलं त्याच्या हिशोबात येत नाही. आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बरोबर ३० ला पडतो असंही नाही. १५ च्या पुढे तो कधीही पडला तरी तो चांगलाच मानला जातो.

आता अर्थ सोडल्यावर काय होतं ते बघा. लीकेज थांबत नाही, त्याची वाट बंद होते. मोटारची बॉडी, तिला जोडलेला सांगाडा, हायड्रोचा ड्रम, सगळं अधांतरी व्होल्टेजवर तरंगायला लागतं. वाट बंद म्हणून ईएलसीबी शांत. मग ओल्या पायांनी मामा येतात आणि कडेला हात लावतात. तुटलेली वाट त्यांच्या अंगातून पूर्ण होते. आज झिणझिण्या येतात कारण आज इन्सुलेशन शाबूत आहे. ज्या दिवशी वाइंडिंग बॉडीला लागेल त्या दिवशी झिणझिण्या येणार नाहीत. एसीचा करंट साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे गेला की आकसलेली बोटं उघडत नाहीत, धरलेला हात सुटत नाही.

मी गेल्यावर काय दिसलं

मोटार १० एचपीची. टर्मिनल बॉक्सच्या खाली हिरवी वायर लोंबत होती, तिच्या लगवर काळी टेप नीट गुंडाळलेली. ज्याने सोडली त्याने मन लावून टेप मारली होती, वाईट हेतू कुणाचाच नव्हता. केबल सुमारे ४० मीटर लांब, कारण पॅनेल वाफेपासून लांब कोरड्या खोलीत ठेवलं होतं. केबल आर्मर्ड (बाहेरून लोखंडी तारांचं कवच असलेली) होती, पण आर्मर दोन्ही टोकांना ग्लँडच्या (केबल बॉक्समध्ये शिरते तिथल्या कॉलरच्या) आधीच कापलेलं, कशालाच जोडलेलं नाही. पॅनेलमध्ये ड्राइव्हचा अर्थ शेजारच्या दोन ड्राइव्हच्या अर्थला माळेसारखा जोडलेला, वायर अडीच चौरस मिमीची. आणि वर ३० मिलिअँपिअरचा, टाइप एसीचा चार पोल ईएलसीबी.

या प्रत्येक गोष्टीबद्दल पुढे सांगतो. त्याआधी पॅनेलला हात घालण्याबद्दल, कारण इथे माणसं फसतात.

मेन पाडला म्हणजे ड्राइव्ह मेला असं नाही

मेन पाडला, डिस्प्ले विझला, की पोरं लगेच कव्हर उघडून स्क्रू ड्रायव्हर घालतात. डिस्प्ले विझतो तेव्हा आतल्या कपॅसिटरवर जिवाला पुरेल एवढा डीसी शिल्लक असू शकतो. ड्राइव्हवर किंवा मॅन्युअलमध्ये किती मिनिटं थांबायचं ते लिहिलेलं असतं, लहान ड्राइव्हला ५ मिनिटं, मोठ्याला १० ते १५. तेवढं थांबायचंच. आणि थांबूनही विश्वास ठेवायचा नाही, मोजायचं.

मी करतो ते असं. मीटर आधी चालू सप्लायवर लावून बघतो, तो दाखवतोय ना. मग ड्राइव्हच्या डीसीच्या दोन टर्मिनलवर, ज्यांना पी आणि एन किंवा प्लस-मायनस लिहिलेलं असतं, डीसी रेंजवर मोजतो. ५० व्होल्टच्या खाली आलं की पुढे. मग मीटर पुन्हा चालू सप्लायवर लावून बघतो, की मधल्या वेळेत तोच तर बिघडला नाही. आत लाल चार्ज एलईडी असतो, तो विझला म्हणजे झालं असं मानू नका, एलईडीही जळतो. निऑन टेस्टर या कामाला घेऊच नका. मीटर आणि त्याच्या लीड १००० व्होल्ट कॅट थ्रीच्या (हा मीटरवर लिहिलेला सुरक्षेचा वर्ग) हव्यात. ६०० व्होल्टच्या आसपासच्या डीसीवर बाजारातला स्वस्त मीटर हातात फुटू शकतो.

मेनला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. पॅनेल एका खोलीत आणि मोटार ४० मीटरवर, अशा जागी "कुणी चालू करू नका रे" असं ओरडून भागत नाही. ड्राइव्हचा स्टॉप दाबणं, इमर्जन्सी स्टॉप दाबणं, सेफ टॉर्क ऑफ लावणं, यातल्या कशानेही मोटारच्या टर्मिनलवरचा धोका जात नाही. त्यांनी मोटार फिरायची थांबते, सप्लाय सुटत नाही. आणि मोटार परमनंट मॅग्नेटची असेल तर शाफ्ट हाताने फिरवला तरी ती व्होल्टेज तयार करते, हे पंखे आणि पंपांवर काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

कधी पडतो, त्यावरून कुठे बघायचं ते कळतं

सगळ्यात आधी सोडलेला अर्थ परत जोडायचा, यंत्राजवळून माणसं बाजूला करायची, आणि ईएलसीबी नेमका कधी पडतो ते बघायचं.

मेन टाकताक्षणी, रन न देताच पडत असेल तर मोटारचा संबंध बहुधा नाही. फिल्टरचे कपॅसिटर चार्ज होताना जो झटका जातो त्याने तो पडतो. स्विचचे तीन पोल अगदी एकदम लागत नाहीत, क्षणभर एक-दोन फेजच येतात आणि तेवढ्यापुरतं लीकेज उसळतं. तीन फेज समतोल असताना फिल्टरचं लीकेज आपापसात बरंचसं कटतं, एक फेज गेला की ते बाहेर पडतं. म्हणून कुठे फेज जाताना ईएलसीबी पडत असेल तर आधी फ्यूज आणि लूज लग बघा.

मेन टाकल्यावर गप्प आणि रन देताच पडत असेल तर केबल आणि मोटार. आमच्या हायड्रोचं हेच होतं. दोन शक्यता उरतात, एक म्हणजे नेहमीचं लीकेजच जास्त आहे, किंवा इन्सुलेशन खरंच खराब झालंय. मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावल्याशिवाय हे ठरत नाही. मेगर लावायच्या आधी केबल ड्राइव्हच्या यू, व्ही, डब्ल्यू टर्मिनलवरून सोडवा. ड्राइव्ह जोडलेला ठेवून ५०० व्होल्टचा मेगर मारला तर आयजीबीटी जातात, आणि मग ड्राइव्ह "अचानक" गेला म्हणून लोक सप्लायला दोष देतात. केबल आणि मोटार वेगळी करून दोन्ही वेगवेगळी मेगर करा, नंतर केबल डिस्चार्ज करायला विसरू नका.

सकाळी पहिल्या बॅचला पडतो आणि दहानंतर दिवसभर पडत नाही, ही पावसाळ्यातली तक्रार. रात्रभर थंड पडलेल्या मोटारमध्ये दमटपणा धरतो, चालून गरम झाली की सुकतो. मोटार बरी झाली असं कुणाला वाटतं, पण रोज सकाळी तो दमटपणा परत येणारच असतो. टर्मिनल बॉक्स उघडून बघा. ग्लँड उघडा, गॅस्केट गेलेलं, केबल वरून आत उतरलेली आणि तिच्या अंगावरून पाणी थेट बॉक्समध्ये. केबल खालून आणा, तिला आत जाण्याआधी एक झोका द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

दुपारीच पडतो, ही एक मजेशीर वाटणारी पण खरी तक्रार. एका ठिकाणी दोन दिवस यात गेले. पॅनेलमध्ये गरम हवा काढणारा छोटा पंखा थर्मोस्टॅटवर होता. त्याचा फेज ईएलसीबीच्या खालून घेतला होता आणि न्यूट्रल सोयीचा म्हणून ईएलसीबीच्या वरच्या बाजूच्या लिंकवरून. पॅनेल तापलं, पंखा लागला, पंख्याचा सगळा करंट हिशोबाबाहेरून परत गेला. २० वॅटचा पंखा ८०-९० मिलिअँपिअर घेतो, ईएलसीबी पडणारच. काँटॅक्टरची कॉइल, पॅनेलमधला दिवा, एसएमपीएस, प्रत्येकाचा न्यूट्रल कुठून येतो ते बोटाने माग काढून बघा. तसंच ईएलसीबीच्या पुढे कुठेही न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागलेले नकोत.

एक ड्राइव्ह चालतो, दोन चालतात, तिसरा लावला की पडतो. इथे बिघडलेलं काहीच नसतं, बेरीज होते. एका ईएलसीबीवर तीन ड्राइव्ह लावायचेच नाहीत, प्रत्येकाला वेगळा द्या.

लीकेज मोजायचं कसं

लीकेज क्लॅम्प मीटर लागतो, मिलिअँपिअर दाखवणारा. नेहमीचा क्लॅम्प मीटर इथे उपयोगाचा नाही. तिन्ही फेज, आणि न्यूट्रल असेल तर तोही, एकत्र क्लॅम्पमध्ये घ्या, अर्थ बाहेर ठेवा. जे दिसेल तेच ईएलसीबीला दिसतं. मग एकट्या अर्थच्या वायरवर क्लॅम्प लावून पडताळा. स्वस्त लीकेज मीटर ५०-६० हर्ट्झच्या वरचं बरंचसं दाखवत नाहीत, ड्राइव्हचं लीकेज मात्र त्याच्या कितीतरी वर असतं. म्हणून मीटर १० दाखवतो आणि ३० चा ईएलसीबी पडतो, असं झालं तर मीटरची फ्रीक्वेन्सी रेंज वाचा, ईएलसीबीला लगेच खराब ठरवू नका.

हायड्रोवर मी माझ्याजवळचा ३०० मिलिअँपिअरचा टाइप बी ईएलसीबी तात्पुरता लावला आणि अर्थ जोडून मोजलं. नुसता मेन टाकल्यावर ९ मिलिअँपिअर. रन दिल्यावर ४१. मेगर उत्तम होता. म्हणजे इन्सुलेशनचा दोष नव्हता, ४० मीटर केबल आणि ८ किलोहर्ट्झ कॅरियर फ्रीक्वेन्सी (आयजीबीटीच्या तोड-जोडीचा वेग) यांचं ते नेहमीचं लीकेज होतं.

कमी कसं करायचं

कॅरियर फ्रीक्वेन्सी हा फुकटचा उपाय. सेकंदाला जितक्या वेळा व्होल्टेज उडी मारणार तितकं लीकेज. बरेच जण मोटारचा शिट्टीसारखा आवाज नको म्हणून ती वाढवून ठेवतात. हायड्रोच्या घरघराटात तो आवाज कुणाला ऐकू येणार? मी ८ वरून ४ किलोहर्ट्झ केली, लीकेज २४ वर आलं. ड्राइव्हही थंड राहतो.

केबल जितकी आखूड तितकं बरं. जागा असेल तर ड्राइव्ह मोटारजवळ आणा, पण वाफेत आणि पाण्यात आणू नका. इथे तो हलवणं शक्य नव्हतं.

काही ड्राइव्हमध्ये ईएमसी फिल्टरचा अर्थ सोडणारा एक स्क्रू असतो. तो मॅन्युअल वाचून, सप्लाय बंद करून, कपॅसिटर उतरल्याची खात्री करून काढता येतो, फिल्टरचं लीकेज कमी होतं. त्याची किंमत अशी की ड्राइव्हचा गोंगाट लाइनवर जातो, शेजारचे सेन्सर आणि वजनकाटे वेडेवाकडे आकडे दाखवू शकतात. हा स्क्रू आणि मोटारचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्रू काढणं हा बनवणाऱ्याने दिलेला पर्याय आहे, मोटारचा अर्थ सोडणं कुणीच दिलेला पर्याय नाही. जाता जाता, कारखान्याचा जनरेटर न्यूट्रल अर्थ न करता चालवत असाल तर त्या सप्लायवर हा स्क्रू काढलेलाच हवा, नाहीतर फिल्टर फुटतो.

ड्राइव्हच्या आउटपुटला पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर जुन्या स्टार्टरबरोबर राहून गेले असतील तर आजच काढा. त्यांच्यामुळे ड्राइव्हच जातो.

पडत नाही, ती तक्रार कुणी करत नाही

आता मला या सगळ्यात सर्वात जास्त काळजीची वाटणारी गोष्ट. तीन फेजच्या व्हीएफडीवर टाइप एसीचा ईएलसीबी.

ईएलसीबीच्या तोंडावर एक छोटं चौकोनी चिन्ह असतं. चौकोनात फक्त एक लाट असेल तर तो टाइप एसी. लाटेखाली अर्ध्या लाटांचे उंचवटे असतील तर टाइप ए. त्याशिवाय एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर टाइप बी. बॅटरी घेऊन आत्ताच जाऊन बघा तुमच्या पॅनेलमध्ये काय आहे.

तीन फेजच्या ड्राइव्हमध्ये डीसीच्या बाजूला अर्थ फॉल्ट झाला तर वाहणारा करंट जवळपास सपाट डीसी असतो. टाइप एसीच्या आत एक कोअर असतो, तो बदलत्या करंटवरच काम करतो. सपाट डीसी आला की तो कोअर त्या डीसीनेच भरून जातो, सुन्न होतो. मग तो त्या फॉल्टला तर पडत नाहीच, वर त्याच ईएलसीबीवरच्या दुसऱ्या कुणाला साधा एसीचा शॉक बसला तरी पडेलच याची खात्री उरत नाही. टाइप ए फक्त ६ मिलिअँपिअरपर्यंतचा सपाट डीसी सहन करून काम करतो, त्यापुढे त्याचीही तीच गत. म्हणून तीन फेजच्या व्हीएफडीला टाइप बी. एक फेजच्या लहान ड्राइव्हला काय चालतं ते त्याच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, तेच लावा.

टेस्टचं बटण दाबलं, पडला, म्हणजे सगळं ठीक, असं समजणारे खूप आहेत. ते बटण आतल्या एका रेझिस्टरमधून थोडा एसी करंट मुद्दाम चुकवून सोडतं. त्याने यंत्रणा हलते एवढं कळतं. अर्थ जोडलेला आहे की नाही हे त्या बटणाला कळत नाही. हायड्रोचा अर्थ टेप मारून सोडलेला होता तेव्हाही ते बटण दाबलं असतं तर ईएलसीबी पडलाच असता.

टाइप बी महाग आहे, मालक नाराज होतात, हे मी दर वेळी ऐकतो. ईएलसीबीऐवजी ड्राइव्हसाठी चालणारा अर्थ लीकेज रिले आणि सीबीसीटी (सगळ्या फेज ज्यातून नेतात ते करंट मोजणारं कडं) लावता येतो, तो मात्र डीसी ओळखणारा आहे हे कागदावर बघून घ्या. ड्राइव्हच्या स्वतःच्या ग्राउंड फॉल्ट ट्रिपवर माणसाचा जीव टाकू नका. ती ड्राइव्ह वाचवायला दिलेली असते, तिची पातळी माणसाला झेपेल त्याच्या कितीतरी वर असते.

अर्थ पिट चांगला आहे, एवढ्याने भागत नाही

"दादा, आपला पिट ५ ओहमचा आहे, मागच्याच महिन्यात मीठ-कोळसा घातलाय." ठीक आहे. फेज थेट बॉडीला लागला आणि करंटला परतीची वाट फक्त त्या पिटमधून मातीतूनच असेल, तर २३० भागिले ५, म्हणजे फार तर ४६ अँपिअर वाहतील. ३२ अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) ताबडतोब पडायला ३२० अँपिअरपर्यंत लागू शकतात. ४६ अँपिअरवर तो तासभरही लटकून राहू शकतो. तेवढा वेळ यंत्राची बॉडी जिवंत. म्हणून अर्थची वायर तांब्याच्या किंवा जीआयच्या सलग वाटेने मुख्य अर्थ बसपर्यंत आणि तिथून न्यूट्रलच्या अर्थपर्यंत गेलेली हवी, आणि जिथे तशी वाट नाही तिथे ईएलसीबीवाचून गत्यंतर नाही.

ड्राइव्हच्या पुढे तर एमसीबी आणखीच हतबल असतो, कारण मधे ड्राइव्ह करंट आवळून धरतो. मोटारच्या बाजूला फॉल्ट झाला तर बॉडीवर व्होल्टेज चढू न देण्याचं काम अर्थच्या जोडणीलाच करायचं असतं.

स्थिर मोटारच्या फ्रेमला दोन स्वतंत्र अर्थ हवेत, हे १९५६ च्या इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्सपासून चालत आलेलं आहे. आणि व्हीएफडीसाठी आयईसी ६१८००-५-१ सांगतं की लीकेज ३.५ मिलिअँपिअर एसीच्या वर जात असेल तर अर्थची वायर किमान १० चौरस मिमी तांब्याची हवी, नाहीतर आहे त्या अर्थच्या वायरएवढ्याच जाडीची दुसरी वायर बरोबर द्या. हायड्रोला रन देण्याआधीच ९ होते. अडीच चौरस मिमीची एकटी वायर तुटली तर ते ९ कुणाच्या अंगातून जातील याचा विचार करून हा आकडा ठरलेला आहे.

आम्ही असं केलं. माळ तोडली, तिन्ही ड्राइव्हचे अर्थ वेगवेगळे पॅनेलच्या अर्थ बसवर आणले. ड्राइव्हच्या आउटपुट बाजूच्या अर्थ टर्मिनलपासून मोटारपर्यंत एक वायर केबलबरोबर नेली, म्हणजे लीकेजला परत यायची वाट फेजच्या शेजारूनच मिळाली. आर्मर दोन्ही टोकांना धातूच्या ग्लँडमध्ये सगळ्या बाजूंनी आवळलं. आर्मरच्या तारा पिळून त्यांची शेपटी करून एका स्क्रूला बांधतात, ती पद्धत हाय फ्रीक्वेन्सीला चालत नाही. मोटारच्या दुसऱ्या अर्थ बोल्टवरून जीआय पट्टी मुख्य अर्थला. रंग खरवडून, स्टार वॉशर घालून. हायड्रोचा सांगाडा, जवळची पाण्याची लोखंडी पाइप आणि उभं राहायची जाळी एकमेकांना जोडली, म्हणजे हात एका व्होल्टेजवर आणि पाय दुसऱ्यावर असं होणार नाही. बॉडी न्यूट्रलला जोडायची कल्पनाही एकाने मांडली. न्यूट्रल तुटला की ती बॉडी सरळ २३० वर जाते, ते मी होऊ दिलं नाही.

ड्राइव्हच्या फीडरवर ३०० मिलिअँपिअरचा, थोडा उशिरा पडणारा टाइप बी कायमचा बसवला. ३०० कशाला, ३० का नाही, हे मालकांनी विचारलं. फॉल्टच्या वेळी बॉडीवर चढणारं व्होल्टेज म्हणजे अर्थचा रेझिस्टन्स गुणिले ईएलसीबीचा आकडा. ५ ओहम गुणिले ०.३ म्हणजे दीड व्होल्ट. ओल्या जागेत मी २५ व्होल्टची मर्यादा धरतो, आपण तिच्या खूप खाली आहोत. पण हे अर्थ जोडलेला असेल तोवरच खरं आहे, तीनशेवाला एकटा माणसाला वाचवत नाही. ज्या सॉकेटवर हातातलं ग्राइंडर, ड्रिल, टेबल फॅन लागतात त्यांचा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी वेगळा ठेवला, ड्राइव्हच्या वाटेतून पूर्ण बाहेर.

संध्याकाळी हायड्रो फुल स्पीडवर चालवला. बॉडी आणि ओल्या फरशीतल्या गटाराच्या जाळीमध्ये मीटरने अर्ध्या व्होल्टच्याही खाली दाखवलं. ईएलसीबी जागेवर. पॅनेलच्या दाराच्या आत एक कागद चिकटवला, तारीख, कॅरियर ४ किलोहर्ट्झ, नुसता मेन ९, रनला २४, मेगरचा आकडा, आणि खाली रिकामे रकाने. पोराला सांगितलं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोजून लिही. लीकेज मीटर त्याच्याकडेच ठेवून आलो.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी त्याचा फोन आला. "दादा, रनला २४ होते ते ६३ दाखवतंय. ईएलसीबी पडलेला नाही. मी मशीन बंद करून कुलूप लावलंय." टर्मिनल बॉक्समध्ये दोन बोटं पाणी होतं. गॅस्केट बदललं, मोटार सुकवली, मेगर केला, दुपारच्या पाळीला हायड्रो परत सुरू झाला. कागदावर त्याने ६३ खोडलं नाही, त्याच्यासमोर "पाणी" असं लिहून ठेवलंय.